तिसऱ्या मजल्याचा पत्ता

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण मला माझी सवय माहीत आहे. मी लांबून सुरुवात करतो, परिस्थिती सांगतो, त्या वर्षी ऊन किती कडक होतं ते सांगतो, आणि ऐकणाऱ्याला शेवटी वाटू लागतं की दोष बहुधा उन्हाचाच असावा. सहा वर्षं मी स्वतःला हे असंच सांगत आलो.

पण ऊन होतंच. मार्च लागला की भाईंदरची हवा बदलते. खाडीवरून येणारा सकाळचा वारा दहापर्यंत कसाबसा तग धरतो, मग मिठागरांकडून कोरडी, खारट झळ यायला लागते. आमच्या कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांतून ती मिठागरं दिसतात. जी उरली आहेत ती. दुपारी तिकडे बघवत नाही, पाणी आरशासारखं डोळ्यांत घुसतं. याच दिवसांत उत्तनला आडवे बांबू बांधून केलेल्या वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, आणि उत्तनहून येणाऱ्या बसमध्ये माणसांबरोबर तो वासही चढतो, वाटेत राईला उतरत नाही, मुर्ध्याला उतरत नाही, थेट भाईंदर स्टेशनपर्यंत येतो. आमच्याकडे परीक्षांचा हंगाम आणि तिकडे सुक्या मासळीचा. माझ्या डोक्यात हे दोन वास एकमेकांत मिसळून गेलेत: नव्या उत्तरपत्रिकांचा आणि वाळत्या बोंबलांचा. यंदाही मार्च आला आणि दोन्ही वास आले. तिसरी गोष्टही आली, तिच्यामुळे हे लिहितो आहे.

मी कॉलेजात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळतो. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर एक स्विच आहे. दिव्याचा नव्हे, हा एक लांबट चपटा डबा असतो, मजल्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी त्याच्यात येऊन मिळतात. हा डबा दिवसभर काही ना काही बोलत असतो. अमुक वायर सुटली. अमुक जोडली गेली. पंखा मंदावलाय. आत गरम होतंय. हे बोलणं कुठे पाठवायचं हे त्याला एकदा सांगून ठेवावं लागतं. एक पत्ता टाइप करायचा, बस. त्या पत्त्यावर तळमजल्यावरचा एक सर्व्हर असतो, तो सगळ्या मजल्यांचं बोलणं वेळेसकट लिहून ठेवतो. उद्या काही बिघडलं तर ती वही उघडायची आणि काय झालं ते वाचायचं.

स्विच भाबडा असतो. दिलेल्या पत्त्यावर तो बोलत राहतो. पलीकडे कुणी बसलंय का, ऐकलं का, हे विचारायची त्याची रीत नाही. आणि काय काय ऐकायचं हेही आपणच ठरवतो. त्याच्या बोलण्याला आठ पातळ्या असतात, शून्य ते सात. शून्य म्हणजे सगळं संपलं, सात म्हणजे नुसती बडबड. कामाचा ताण वाढला की माणूस शेवटच्या, बडबडीच्या पातळ्या बंद करून टाकतो. मी तर माणसांच्या बाबतीतही तेच करत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

सहा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत जुना सर्व्हर गेला आणि नवा आला. नव्याचा पत्ता वेगळा. एकेका स्विचमध्ये जाऊन तो बदलायचा होता. मी कागदावर यादी केली आणि काम झालं की पुढे बरोबरची खूण करत गेलो. शेवटी तिसऱ्या मजल्याचा उरला. घरून फोन आला होता, कंदील आणायचा होता, आणि यादी त्याच दिवशी ऑफिसात द्यायची होती. मी तिसऱ्या मजल्यापुढेही खूण केली. म्हटलं, उद्या सकाळी आल्या आल्या करू. काम करायच्या आधी केलेली ती एक खूण. उद्या सकाळ आली, सुट्टी संपली, मी विसरलो. तिसऱ्या मजल्यावरचा डबा चार महिने एका रिकाम्या पत्त्याशी बोलत राहिला.

आता फिलूबाय. फिलोमिना तिचं नाव, उत्तनची, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबची अटेंडंट. चौदा वर्षं कंत्राटावर. सकाळी लॅब उघडायची, कॉम्प्युटरांवरची कव्हरं काढून घडी करायची, जुन्या मऊ सुती कापडाने कीबोर्ड पुसायचे, आणि बूट घालून आत येणाऱ्या मुलांना दारातच अडवायचं. कॉम्प्युटरांबद्दल ती घरातल्या मुलांसारखं बोलायची. "सर, सोळा नंबरचा आज उठत न्हाय, रात्री जागला वाटते." मी हसायचो, जायचो, सोळा नंबरला उठवून यायचो.

ती दर आठवड्याला कुणा ना कुणासाठी सुके बोंबील किंवा जवळा घेऊन यायची. स्टाफरूममधल्या काहींना तो वास चालायचा नाही, त्यावरून कुरबुर झाली, तेव्हा मीच तिला म्हटलं की तुमची पिशवी आमच्या नेटवर्कच्या खोलीत ठेवत जा, तिथे कुणी येत नाही. जिन्याजवळची ती चिंचोळी खोली, तिथेच तो स्विच. तेव्हापासून तिची पिशवी त्या डब्याखालच्या फळीवर असायची आणि खोलीची एक किल्ली तिच्याकडे असायची. म्हणजे ती त्या खोलीत जायची ती माझ्या सांगण्यावरून. हे मी नंतर कुणालाही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, पण ते काही उत्तर नव्हे.

फेब्रुवारीत एक दिवस जिन्यात तिने मला थांबवलं. म्हणाली, "सर, तो डबा लय गरम झालाय. हात लावला त चटका बसतो. पयला असा नव्हता." मी घाईत होतो. म्हटलं, उन्हाळा आलाय फिलूबाय, मीपण गरम झालोय, हात लावून बघा. ती हसली. तिने ते गंभीरपणे सांगितलं होतं हे तिच्या हसण्यातही दिसत होतं, पण मी दोन पायऱ्या खाली गेलो होतो. आठवड्याने तिने परत सांगितलं. मी हो हो म्हटलं. डब्याचं बोलणं रिकाम्या पत्त्यावर जात होतं. तिचं तर बरोबर पत्त्यावर येत होतं, अगदी माझ्या कानाशी. मी ते सातव्या पातळीत टाकून दिलं.

मार्चमध्ये ऑनलाइन परीक्षा होती. साडेदहा वाजून गेले होते, मुलं अर्ध्यावर आली होती, आणि लॅबमधल्या कॉम्प्युटरांचे सगळे पडदे एकदम थिजले. मी धावत वर गेलो, खोली उघडली, डब्यावरचा एकही दिवा लागलेला नव्हता. मी काही न बघता प्लग काढला आणि परत लावला. डबा सुरू झाला. पण त्याच्या स्वतःच्या पोटात थोडं बोलणं साठलेलं असतं, ते तसं काढून लावल्यावर पुसलं जातं. हे मला विसाव्या वर्षापासून माहीत आहे. घाबरलेल्या माणसाला आपल्या हातांना माहीत असतं तेवढंच आठवतं. मुलांचे पेपर गेले होते. एक मुलगी कीबोर्डवर डोकं टेकून रडत होती, आणि तिची सुपरवायझर तिच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

दुपारी तिसऱ्या मजल्याच्या वरांड्यात सगळे जमले. प्राचार्या मॅडम, रजिस्ट्रार सावेसर, सुपरवायझर, शिपाई, जिन्यात थांबलेले दोन-तीन पालक. कुणीतरी सांगितलं की पडदे थिजायच्या जरा आधी फिलूबाय त्या खोलीतून बाहेर पडताना दिसली. सावेसर वाईट माणूस नाहीत. त्यांना पालकांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी तिला विचारलं, खोलीत गेला होता का.

"गेलते. पिशवी घ्याला."

"तिथल्या मशीनला हात लावता?"

"लावते की. गरम हाय का बघते."

कुणीतरी हसलं. ती काय बोलून बसली हे तिला तेव्हा कळलंच नाही. ती खरं बोलली होती आणि खऱ्या माणसासारखी उभी होती. सावेसर माझ्याकडे वळले. हिच्या हाताने वायर हलली असेल, असं होऊ शकतं का?

"होऊ शकतं," मी म्हणालो.

दोनच शब्द. खोटे नव्हते. कुणाच्याही हाताने वायर हलू शकते. मग त्यांनी विचारलं, लॉगमध्ये, म्हणजे डब्याच्या नोंदींत, काही सापडतंय का, आणि मी म्हटलं, काही मिळत नाही. तेही खरं, डब्याच्या पोटातलं तर मीच पुसून टाकलं होतं. एवढं खरं मी एका दिवसात आयुष्यात कधी बोललो नसेन. फिलूबायने माझ्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती. मी आता सांगेन की डबा गरम असल्याचं ही मला आधीपासून सांगते आहे, पिशवी तिथे मीच ठेवायला सांगितली, असं तिला वाटत असणार. मी माझ्या मोबाइलमध्ये काहीतरी बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्व्हरवरची वही उघडली. तिसऱ्या मजल्याची शेवटची नोंद दिवाळीच्या सुट्टीतली. त्यानंतर कोरं पान. मी पत्ता दुरुस्त केला, एक मिनिटही लागलं नाही, आणि डबा बोलायला लागला. पहिल्याच तासात त्याने सांगितलं की पंखा बंद आहे. मग तापमान. परत तापमान. पाच-सहा दिवसांनी एका दुपारी, लॅबला कुलूप असताना, मजल्यावर चिटपाखरू नसताना, तो आपोआप बंद पडला. थंड झाल्यावर आपोआप सुरू झाला. परीक्षेच्या दिवशी काय झालं होतं ते आता वेळेसकट माझ्यासमोर होतं.

तिचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं, आणि ते पुढे वाढवायचं नाही असं ठरलं होतं. पंधरा दिवस माझ्या हातात होते. मी डबा बदलून घेतला. मागणीच्या अर्जावर लिहिलं, पंखा नादुरुस्त. सावेसरांनी सही केली, त्यांना त्या पंख्याचा आणि त्या परीक्षेचा संबंध जोडण्याचं कारण नव्हतं, आणि मी जोडून दिला नाही. त्याच महिन्यात मला कायम करण्याची फाईल मॅनेजमेंटकडे गेली होती. पत्ता बदलायचा राहिला हे कळलं असतं तर फाईल परत आली असती. कदाचित नसतीही आली. मी तपासून पाहिलं नाही.

फिलूबाय ते पंधरा दिवस रोज आली. खोलीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली होती, त्यामुळे पिशवी ती लॅबच्या दाराबाहेर, चपलांशेजारी ठेवायची. कव्हरं काढून घडी करत होती, कीबोर्ड पुसत होती. शेवटच्या दिवशी लॅबच्या किल्ल्या द्यायला माझ्याकडे आली. मला वाटलं आता ती बोलेल. ती एवढंच म्हणाली, "नवीन बाईला सांगा, सोळा नंबरला हलक्या हातानं पुसाचा. त्याची बटनं सैल हायत."

मी एप्रिलमध्ये कायम झालो. घरी पेढे आणले. बायकोने विचारलं, तुमचा चेहरा असा का, आणि मी म्हटलं, ऊन.

पुढची वर्षं कशी गेली हे सांगायला फारसं काही नाही, आणि हीच त्यातली वाईट गोष्ट. आम्ही सिल्व्हर पार्कला राहतो. रविवारी मुलं म्हणायची, उत्तनला समुद्रावर जाऊ, आणि मी घोडबंदरच्या किल्ल्यावर न्यायचो. किल्ला तरी किती वेळा बघणार. फिलूबाय आता बाजारात सुकी मासळी घेऊन बसते, हे मला एका शिपायाकडून कळलं. त्यानंतर मी बाजाराचा तो कोपरा सोडून दिला. आमच्या घरात बोंबील फार आवडीने खातात. मी दुकानातले, प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेले आणायला लागलो. बायको म्हणायची, याला वासच नाही. मला तेच हवं होतं.

अपराधाची भावना रोज जाणवत नाही, हे मी कबूल केलं पाहिजे. माणूस जेवतो, हसतो, मुलाच्या मार्कांवर वाद घालतो. ती हंगामाने येते. वारा फिरला, परीक्षांची वेळापत्रकं फळ्यावर लागली, की मला तिसऱ्या मजल्यावर जायला नको वाटायचं. गेलोच तर नजर सोळा नंबरवर जायची. तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला, जागा तेवढी आहे.

यंदा परत नवा सर्व्हर आला. परत नवा पत्ता. मी परत यादी केली, परत मजल्यामागून मजला करत तिसऱ्यावर आलो. जिन्याजवळच्या खोलीत उभा राहून पत्ता टाइप करत होतो. शेवटचा आकडा राहिला होता. माझा हात पुढे जाईना. खोली आता वातानुकूलित आहे, डबा गार असतो, तरी मी त्याच्यावर हात ठेवून पाहिला. किती साधी गोष्ट होती ती. ज्याला काळजी आहे तो माणूस हात लावून बघतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही तिच्याविरुद्ध हाच पुरावा धरला होता.

रविवारी मी एकटाच उत्तनच्या बसमध्ये बसलो. तिचं घर शोधावं लागलं नाही, पहिल्याच माणसाला विचारलं तर त्याने किनाऱ्याकडे बोट केलं. ती वलांडीपाशी होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. तिचे हात ते न बघता करत होते. केस सगळे पांढरे झालेत. मला पाहून तिने ना आश्चर्य दाखवलं ना राग. सुनेला हाक मारून स्टूल आणायला सांगितलं, म्हणाली, "कॉलेजातले सर हायत." सर म्हणाली हे मला फार लागलं.

मी सगळं सांगितलं. पत्ता, यादीवरची खूण, पंखा, ते पंधरा दिवस, माझी फाईल. उन्हात बसून घाम पुसत पुसत सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की मी मनात खूप दिवस पाठ केलेलं बोलतो आहे. ती बोंबील टाकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "झाला सांगून?"

मी मान हलवली.

"मी वायरीला हात न्हाय लावला, हे मना तवाच म्हाईत होता. तुमी मना नवीन काय सांगितला?"

मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या आळीत एक क्रूस आहे, मे महिन्यात तिथे सण होतो, सगळी आळी जेवायला बसते. त्या सणाची मोठी भांडी वर्षभर तिच्या घरी असायची, आधी सासूकडे होती, मग तिच्याकडे. कॉलेजातून काढली, काहीतरी मोडतोड केली म्हणे, ही बातमी बसमधूनच गावात आली. सणाच्या आधी दोन बायका आल्या आणि भांडी घेऊन गेल्या, यंदा दुसरीकडे ठेवू म्हणाल्या. भांडण नाही, विचारपूस नाही. "कोन काय बोलला न्हाय," ती म्हणाली. "बोलले असते त मी सांगितला असता."

मी म्हटलं, मी काय करू ते सांगा. तिने हातातली जोडी बांबूवर टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांगा. वरांड्यात उभी केलती ना मना? मंग तितंच सांगा. मी येन ऐकाला."

मी म्हणालो, त्यातले काही जण निवृत्त झालेत, सावेसरही या वर्षी जातील.

"मंग लवकर सांगा," ती म्हणाली. "परीक्षा झाली की समदे सुट्टीला पलतान."

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्या मॅडमना लेखी दिलं. त्या वाचून म्हणाल्या, वरांड्याची काय गरज आहे, कागद फाईलला लावू. मी म्हटलं, गरज आहे. सावेसर म्हणाले, अहो कदम, आता कशाला, सहा वर्षं झाली. त्यांचाही चेहरा उतरला होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मला विचारलं होतंत, मी उत्तर दिलं होतं, तुमचा त्यात दोष नाही.

परीक्षेच्या ड्युट्या वाटायला सगळा स्टाफ तिसऱ्या मजल्याच्या त्याच वरांड्यात जमतो, त्या दिवशी फिलूबाय आली. चांगली साडी, केसांत अबोलीची वेणी, बरोबर सून, आणि आळीतल्या दोन बायका, ज्यांना मी ओळखत नव्हतो. सणाची भांडी घेऊन गेलेल्या त्या याच, हे मला त्यांच्या खाली घातलेल्या नजरेवरून कळलं. नव्या शिक्षकांना काही समजत नव्हतं, ते एकमेकांना विचारत होते, या बाई कोण. म्हणून मला आधी ती कोण हे सांगावं लागलं. चौदा वर्षं या लॅबची सगळी कामं या करत होत्या, असं मी म्हणालो, आणि माझा आवाज तिथेच बसला. पुढचं जे बोललो ते बहुधा पहिल्या रांगेपलीकडे गेलं नसावं.

"मोठ्यानं बोला, सर," फिलूबाय म्हणाली. "मागं न्हाय पोचला."

मी घसा खाकरला आणि परत पहिल्यापासून बोललो, जिन्यातल्या शिपायालाही ऐकू जाईल एवढ्याने. "फिलूबायनी वायरीला हात लावला नव्हता. डबा गरम होतोय हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. परीक्षा बंद पडली ती माझ्या हलगर्जीपणामुळे. हे मला आठवड्याभरात कळलं होतं, आणि यांना काढेपर्यंत मी गप्प बसलो, कारण मला माझी नोकरी टिकवायची होती. फिलूबाय, तुमचं काम गेलं, तुमचं नाव गेलं, ते माझ्यामुळे. माझं चुकलं. मी तुमची माफी मागतो."